पॉडकास्ट म्हणजे नक्की काय? तज्ज्ञांच्या गप्पा फोनपर्यंत कशा येतात, आणि रील पाहून का थांबू नये



गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेदहाला मावशीचा फोन आला. "अगं, हा दोन दिवस नुसता पडून आहे. चक्कर येते म्हणतो, चिडचिड करतो. तू बोल जरा त्याच्याशी." हा म्हणजे माझा मावसभाऊ. पुण्यात रूम घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. वर्षभरापूर्वी त्याला डिप्रेशनचं निदान झालं होतं आणि डॉक्टरांनी सुरू केलेल्या गोळ्यांनी त्याला बरंही वाटत होतं. फोनवर खोदून विचारल्यावर तो म्हणाला, "ताई, मी गोळ्या बंद केल्या. त्या काम करत नाहीत म्हणे. एका मोठ्या सायकिअॅट्रिस्टनेच सांगितलंय." आणि त्याने मला एक रील पाठवली. 38 सेकंदांची.

त्या रीलमधला माणूस खरोखरच मानसोपचारतज्ज्ञ होता आणि वाक्यही त्याचंच होतं. तरीही त्या 38 सेकंदांचा अर्थ पूर्णपणे उलटा निघाला होता. ती क्लिप जवळपास दोन तासांच्या एका पॉडकास्टमधून कापलेली होती. मूळ एपिसोड कसा शोधला, त्यात काय होतं, आणि मुळात पॉडकास्ट ही गोष्ट तांत्रिकदृष्ट्या कशी चालते, हे सगळं आज सांगते. (भावाला विचारूनच लिहितेय.)

पॉडकास्ट म्हणजे काय?

बहुतेक जण म्हणतील, "दोन माणसं, दोन माईक आणि हेडफोन." ते झालं दिसणं. इंजिनिअरच्या भाषेत पॉडकास्ट म्हणजे दोनच गोष्टी: सर्व्हरवर ठेवलेल्या ऑडिओ फाइल्स, आणि त्या फाइल्सची एक यादी. या यादीला फीड म्हणतात आणि ती आरएसएस नावाच्या पद्धतीने लिहिलेली असते. नावावरून गैरसमज नको, इथे ते 'रिअली सिंपल सिंडिकेशन'चं लघुरूप आहे.

फीड ही साधी टेक्स्ट फाइल असते. प्रत्येक एपिसोडसाठी तिच्यात एक नोंद असते: शीर्षक, तारीख, माहिती, त्या एपिसोडचा ओळख क्रमांक आणि ऑडिओ फाइलचा पत्ता. पत्त्याच्या या ओळीला 'एनक्लोजर' म्हणतात. पाकिटात पत्रासोबत फोटो घालून पाठवावा, तसं नोंदीसोबत ऑडिओ जोडून देणं.

तुमचं अॅप काय करतं? अधूनमधून ती यादी उघडतं, नवीन नोंद दिसली तर तुम्हाला नोटिफिकेशन देतं, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा त्या पत्त्यावरून फाइल उतरवून घेतं. झालं. या मूळ रचनेत कुठेच अल्गोरिदम नाही. तुम्ही काय ऐकायचं हे यादी बनवणारा आणि तुम्ही, दोघंच ठरवता.

थोडा इतिहास

आरएसएसची पहिली आवृत्ती 1999 मध्ये नेटस्केप कंपनीत तयार झाली. ती बनवणाऱ्यांपैकी रामनाथन गुहा हे आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी. तेव्हा तिचा उपयोग वेबसाइटवरच्या बातम्यांची यादी देण्यापुरता होता. डिसेंबर 2000 मध्ये डेव्ह वायनर यांनी 0.92 या आवृत्तीत एनक्लोजरची सोय केली आणि फीडमधून ऑडिओ पाठवता येऊ लागला.

जुलै 2003 मध्ये अमेरिकेतले रेडिओ पत्रकार ख्रिस्तोफर लायडन यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन सेंटरमध्ये लेखक, विचारवंत आणि इंटरनेटवर काम करणाऱ्या लोकांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. वायनर तेव्हा तिथेच होते. या मुलाखती एमपी3 स्वरूपात फीडमधून देण्यात आल्या. म्हणजे अगदी सुरुवातीचे पॉडकास्ट हे जाणकारांशी केलेल्या लांब गप्पाच होते. आज आपण जे ऐकतो, त्याची ती थेट पूर्वज मंडळी.

नाव मात्र नंतर आलं. फेब्रुवारी 2004 मध्ये ब्रिटनच्या 'द गार्डियन'मध्ये बेन हॅमर्सली यांनी या नव्या प्रकाराला काय म्हणावं असा प्रश्न टाकून काही नावं सुचवली. त्यातलं एक होतं 'पॉडकास्टिंग'. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची ती जोडणी. जून 2005 मध्ये अॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिली, आणि त्याच वर्षी न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीने 'पॉडकास्ट' हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला.

आयपॉड गेला, नाव राहिलं. 2024 मध्ये गूगलने आपलं गूगल पॉडकास्ट्स हे अॅप बंद केलं. पण त्यावरचे कार्यक्रम बंद पडले नाहीत, कारण ते त्या अॅपचे नव्हतेच. लोकांनी आपल्या सबस्क्रिप्शनची यादी ओपीएमएल नावाच्या छोट्या फाइलमध्ये काढली आणि दुसऱ्या अॅपमध्ये टाकली. एखादं बंद सोशल मीडिया अॅप गुंडाळलं गेलं तर इतक्या सहज सगळं उचलून दुसरीकडे नेता येईल का? नाही येणार.

मग यूट्यूबवरचे पॉडकास्ट?

मराठीत 'थिंक बँक', 'अमुक तमुक' असे तज्ज्ञांशी गप्पा मारणारे कार्यक्रम आपल्यापैकी अनेक जण यूट्यूबवरच बघतात. त्यांना पॉडकास्ट म्हणायला काहीच हरकत नाही, शब्दाचा अर्थ आता तेवढा रुंदावला आहे. पण तांत्रिक फरक लक्षात ठेवा. फक्त व्हिडिओ म्हणून टाकलेला कार्यक्रम तुमच्यापर्यंत पोचवायचा की नाही, हे बऱ्याच अंशी प्लॅटफॉर्म ठरवतं. फीड असलेला कार्यक्रम मात्र तुम्ही सबस्क्राइब केलात की येतोच. एखाद्या कार्यक्रमाला फीड आहे का हे बघायचं असेल, तर त्याचं नाव पॉडकास्ट अॅपमध्ये शोधा. सापडला तर बहुतेक वेळा फीड आहे. स्पॉटिफायवर मात्र काही कार्यक्रम फक्त तिथेच मिळतात, त्यांना उघडं फीड नसतं.

डेटा किती लागतो?

हे गणित एकदा करून ठेवा, कायम उपयोगी पडेल. बोलण्याचा ऑडिओ साधारण 64 ते 128 केबीपीएस दराने साठवतात. 64 केबीपीएस म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट. एका मिनिटाला 3840 किलोबिट. आठ बिटचा एक बाइट, म्हणून आठने भागा: 480 केबी. तासाला सुमारे 29 एमबी. 128 केबीपीएस असेल तर दुप्पट, सुमारे 58 एमबी. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्यालाही हे जड नाही. व्हिडिओला याच्या कितीतरी पट डेटा जातो. आणि हॉस्टेल किंवा ऑफिसच्या वायफायवर आधीच डाउनलोड करून ठेवलं, तर एसटीत घाटातून जाताना रेंज गेली तरी गप्पा चालू राहतात.

आणखी एक शंका नेहमी येते. दीडपट वेगाने ऐकलं तर आवाज चिरका का होत नाही? जुन्या कॅसेटचा वेग वाढवला की आवाज बारीक व्हायचा, कारण अख्खी ध्वनिलहरच दाबली जायची. अॅप तसं करत नाही. ते आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे बारीक तुकडे करतं आणि ते एकमेकांवर थोडे सरकवून जोडतं. तुकड्याच्या आतली लहर तशीच राहते, म्हणून आवाजाची पट्टी बदलत नाही, फक्त एकूण वेळ कमी होतो. गप्पांना ठीक आहे. पण विषय नवा असेल तर मी स्वतः साध्या वेगानेच ऐकते.

त्या 38 सेकंदांत काय सुटलं होतं?

आता भावाच्या रीलकडे येऊ. त्यात डॉक्टर म्हणत होते की डिप्रेशन म्हणजे मेंदूत सेरोटोनिन कमी होणं, ही समजूत टिकत नाही. रील तिथेच संपत होती. वर मोठ्या अक्षरात कोणीतरी मराठीत लिहिलं होतं: 'गोळ्यांचा धंदा उघड!'

डॉक्टरांचं वाक्य हवेतलं नव्हतं. जुलै 2022 मध्ये 'मॉलिक्युलर सायकिअॅट्री' या नियतकालिकात जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला आणि डिप्रेशन हे सेरोटोनिन कमी झाल्यामुळे होतं याला सुसंगत पुरावा दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. त्यावर तज्ज्ञांमध्ये बराच वादही झाला. पण गोळ्यांचा परिणाम होतो की नाही, हे त्या आढाव्यात तपासलेलंच नव्हतं. तो वेगळा प्रश्न आहे.

त्या वेगळ्या प्रश्नावरही मोठं काम झालेलं आहे. 2018 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 21 औषधांच्या 522 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास मांडला. मोठ्या माणसांमधल्या तीव्र डिप्रेशनवर ही सगळी औषधं बनावट गोळीपेक्षा जास्त परिणामकारक ठरली. सरासरी फरक माफकच होता, पण तो होता.

मूळ एपिसोडमध्ये त्याच डॉक्टरांनी हे दोन प्रश्न वेगळे करून सांगितले होते. क्लिप संपते तिथून दीड-दोन मिनिटांनी मुलाखत घेणाऱ्याने सरळ विचारलं होतं, मग गोळ्या थांबवायच्या का? आणि डॉक्टरांचं उत्तर स्वच्छ होतं: स्वतःच्या मनाने अजिबात नाही. औषध कसं काम करतं हे पूर्ण कळलेलं नसणं आणि औषध काम न करणं, या दोन गोष्टी वेगळ्या. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, म्हणजे ताप काही शरीरात पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे येत नाही. पुढे त्यांनी हेही सांगितलं की या गोळ्या एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड, अंगात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होऊ शकतात, म्हणून डोस डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करतात.

भावाला नेमकं हेच होत होतं. आणि त्याला वाटत होतं की आजार परत आला.

मला त्या डॉक्टरांची चूक दिसत नाही. कापणाऱ्याने बहुधा नेहमीचा हिशेब केला: धक्का देणारं वाक्य ठेवा, 'पण' नंतरचं टाकून द्या. रीलला लोक पुढे सरकायच्या आत पकडावं लागतं. तज्ज्ञाचं मोल मात्र बहुतेक वेळा त्या 'पण' नंतरच असतं.

मूळ एपिसोड कसा शोधायचा?

1. क्लिपमध्ये कोपऱ्यातला लोगो, माईकवरचं नाव, मागची पाटी बघा. रील टाकणारा आणि कार्यक्रम बनवणारा बहुतेक वेळा वेगळे असतात.

2. पॉडकास्ट अॅप घ्या. आयफोनवर अॅपल पॉडकास्ट्स आधीपासून असतं. अँड्रॉइडवर मी अँटेनापॉड वापरते. ते फुकट आहे, ओपन सोर्स आहे, जाहिराती नाहीत आणि अकाउंट काढावं लागत नाही.

3. आधी कार्यक्रमाचं नाव शोधा, सबस्क्राइब करा, मग त्या कार्यक्रमाच्या आत पाहुण्याचं नाव टाका. जुने एपिसोडही फीडमध्ये असतात. काही कार्यक्रम फक्त अलीकडचे ठेवतात, तेव्हा त्यांच्या वेबसाइटवर बघा.

4. एपिसोडखालची माहिती वाचा. त्यात अनेकदा मिनिटांनुसार विषय दिलेले असतात. त्याला चॅप्टर म्हणतात.

5. ट्रान्सक्रिप्ट असेल तर काम सोपं. अॅपलच्या अॅपमध्ये मार्च 2024 पासून इंग्रजीसह काही भाषांतल्या एपिसोडचा मजकूर दिसतो. त्यात शब्द शोधायचा आणि त्या ओळीवर टॅप करायचं, ऑडिओ तिथे जातो.

6. क्लिपच्या आधीची पाच आणि नंतरची पाच मिनिटं ऐका. अख्खा एपिसोड ऐकायला वेळ नसेल तर किमान एवढं तरी.

यात माझी एक गंमत झाली. मी भावाला कळवलं, "47व्या मिनिटापासून ऐक." तो म्हणाला, "ताई, इथे तर गादीची जाहिरात चालू आहे." कारण असं की बरेच कार्यक्रम आता डाउनलोड होताना सर्व्हरवरच जाहिराती जोडतात. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी उतरवलेल्या एकाच एपिसोडमध्ये वेगळ्या जाहिराती येऊ शकतात, आणि मग मिनिटांचा आकडा पुढेमागे सरकतो. म्हणून कोणाला जागा सांगताना वेळेसोबत तिथलं एखादं वाक्यही सांगा.

पाहुणा तज्ज्ञ आहे हे कसं ओळखायचं?

पूर्ण एपिसोड ऐकला म्हणजे सगळं खरं, असंही नाही. दोन तास आत्मविश्वासाने चुकीचं बोलणारी माणसंही आहेत. मी स्वतःला हे प्रश्न विचारते:

- पाहुणा ज्या विषयावर बोलतोय तोच त्याचा विषय आहे का? उत्तम हृदयरोगतज्ज्ञ इतिहासावर बोलू लागला की तो तुमच्या-माझ्यासारखाच एक वाचक असतो.
- तो 'अभ्यासात असं दिसलं' म्हणतोय की 'माझ्या अनुभवात'? दोन्हीला किंमत आहे, पण वेगवेगळी.
- 'हे आम्हाला अजून माहीत नाही' असं तो एकदा तरी म्हणाला का?
- मुलाखत घेणारा उलट प्रश्न विचारतोय की नुसती मान डोलावतोय?
- एपिसोडच्या शेवटी पाहुण्याचाच कोर्स किंवा पावडर विकली जातेय का?

कुठून सुरुवात करायची?

बीबीसी रेडिओ 4 चा 'इन अवर टाइम' हा माझा आवडता नमुना. ऑक्टोबर 1998 मध्ये सुरू झाला. मेल्विन ब्रॅग यांनी तो 2025 पर्यंत चालवला, हजाराहून जास्त भाग झाले. पद्धत साधी: एक विषय आणि साधारण तीन प्राध्यापक. एक जण घसरला तर दुसरा तिथल्या तिथे सावरतो. इतिहास, विज्ञान, तत्त्वज्ञान, सगळं त्यात येतं. विज्ञान आणि तत्त्वज्ञानासाठी भौतिकशास्त्रज्ञ शॉन कॅरल यांचा 'माइंडस्केप' आहे, मनाच्या वागण्यावर शंकर वेदांतम यांचा 'हिडन ब्रेन' आहे. आपल्या मुंबईतून अमित वर्मा 2017 पासून 'द सीन अँड द अनसीन' करतात. त्याचे काही भाग कित्येक तासांचे असतात, पण भारतातला समाज, अर्थकारण आणि इतिहास यावर तिथे निवांत बोललं जातं. हे चारही इंग्रजीत आहेत. इंग्रजी ऐकायची सवय नसेल तर ट्रान्सक्रिप्ट डोळ्यांसमोर ठेवून ऐका, महिनाभरात कान बसतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पॉडकास्ट ऐकायला पैसे लागतात का?* बहुतेकांना नाही. काही कार्यक्रम जास्तीच्या भागांसाठी पैसे घेतात.

*कार्यक्रम करणाऱ्याला मी ऐकतेय हे कळतं का?* किती डाउनलोड झाले आणि साधारण कुठल्या शहरातून, एवढं त्यांच्या सर्व्हरला कळतं. अकाउंट लागणाऱ्या अॅपमध्ये त्या कंपनीला याहून बरंच जास्त कळतं.

*ऐकता ऐकता झोप लागते.* मलाही. प्रत्येक चांगल्या अॅपमध्ये स्लीप टायमर असतो. 20 मिनिटांवर लावा.

शेवटी

त्या रात्री मी भावाला एपिसोड पाठवला, पण आधी एकच गोष्ट सांगितली: सकाळी डॉक्टरांना फोन कर. त्यांनी गोळ्या परत सुरू केल्या आणि पुढे कमी करायच्या झाल्या तर कशा करू, हेही त्याला नीट समजावलं. काही दिवसांनी चक्कर थांबली. एपिसोड त्याने नंतर ऐकला, अख्खा. मला मेसेज आला: "ताई, हा माणूस तर माझ्याच बाजूने बोलत होता की."

पॉडकास्ट डॉक्टरची जागा घेत नाही. पण तज्ज्ञाचं पूर्ण वाक्य ऐकण्याची सोय तुमच्या खिशात आहे, फुकट आहे, आणि तासाला जेमतेम 29 ते 58 एमबी खाते. पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर एखाद्या तज्ज्ञाची क्लिप आली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: याच्या पुढचं वाक्य काय होतं?